पोटमाळा

देवाने सगळ्या माणसांना दोन हात, दोन पाय आणि एक डोके दिले. लालबाग-परळच्या माणसाला त्याने त्यावर एक पोटमाळा दिला. आता पोटमाळा म्हणजे काय, हे ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगून कळायचे नाही आणि ज्यांच्या टाळूला त्याची फळी लागली आहे त्यांना सांगावे लागत नाही. जमिनीपासून साडेसहा फुटांवर फळ्या ठोकल्या की खाली उरते ते घर आणि वर होतो तो पोटमाळा. खाली माणसे राहतात, वर त्यांचा इतिहास राहतो. आमच्या पोटमाळ्यावर तांब्याचा बंब होता, पितळी घंगाळ होते, तीन वळकट्या होत्या, आतेभावाच्या लग्नातल्या पत्रावळींचा उरलेला गठ्ठा होता आणि गणपतीचे थर्माकोलचे मखर होते. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, पण पोटमाळ्यावरच्या मखराला ती कोणी कळवली नाही. ते आपले चाळ पडेपर्यंत वर सुखाने नांदले.

आमची खोली दहा बाय बाराची. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी सरकारने १९२० च्या दशकात बांधल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे पाहुणे म्हणून गेलो की आम्हांला बंगल्यात आल्यासारखे वाटे. गिरण्या तीन पाळ्यांत चालत तेव्हा गिरणगावातल्या काही खोल्यांत माणसेही तीन पाळ्यांत झोपत. पहिल्या पाळीचा उठून कामाला गेला की त्याच वळकटीवर रात्रपाळीचा येऊन अंग टाकी. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तिन्ही पाळ्या एकदम घरी आल्या, तेव्हा खोलीत खरोखर किती माणसे राहतात याचा अंदाज खुद्द राहणाऱ्यांनाही पहिल्यांदा आला.

हे सगळे सांगायचे कारण असे, की जागा या विषयात आमच्याकडे कोणी नवखा समजून बोलू नये. भोजनभाऊ म्हणा, भाषणभाऊ म्हणा, ऐकून घेऊ. पण 'ही वस्तू कुठे ठेवायची' या प्रश्नावर आमच्या तीन पिढ्या खर्ची पडल्या आहेत. म्हणून परवा नातवाचे खेळाचे यंत्र जेव्हा 'जागा पुरेशी नाही' असे पडद्यावर बोलू लागले, तेव्हा घरातले सगळे आपापली कामे टाकून त्याच्याभोवती जमले. दुसऱ्या कोणत्या घरात त्या वाक्याला इतका जाणता श्रोतृवर्ग मिळाला असता असे मला वाटत नाही.

यंत्राचे नाव प्लेस्टेशन ५. भारतात ते २ फेब्रुवारी २०२१ ला आले. तबकडी घालायची सोय असलेले यंत्र ४९,९९० रुपयांना होते आणि पैसे घेऊन उभे राहिले तरी मिळत नव्हते. आमच्या मुलाने दुसऱ्या वर्षी बोनसच्या भरात ते आणले. उंची सव्वा फूट, वजन साडेचार किलो, रंग पांढरा आणि दोन्ही बाजूंना शर्टाच्या कॉलरी उभ्या केल्यासारखी पाखे. चाळ पाडल्यापासून आम्ही परळला भाड्याच्या दोन खोल्यांत आहोत, तिथे ते टीव्हीशेजारी उभे राहिले तेव्हा सौ. म्हणाली, "एवढं मोठं आहे, तर आत जागा भरपूर असेल." या वाक्यात तिचा सगळा संसार होता. लाकडी दिवाण घेतानाही तिने आधी आतला खण उघडून पाहिला होता.

पण जागेच्या बाबतीत हे यंत्र अस्सल मुंबईकर निघाले. खोक्यावरच्या माहितीत साठवण ८२५ जीबी. प्रत्यक्षात खेळ ठेवायला मिळते ६६७. उरलेल्या दीडएकशेवर यंत्राचे स्वतःचे बिऱ्हाड. मुलाला याचा राग आला. मला मात्र त्यात काही नवल वाटले नाही. ८२५ हा सुपर बिल्टअप आणि ६६७ हा कार्पेट. मधला जिना, लिफ्ट आणि पॅसेज. घराच्या बाबतीत निदान २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट सांगायची सक्ती केली; यंत्रांचा रेरा अजून यायचा आहे.

आमच्या मजल्यावर संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी हिशेबाचा आणखी एक पदर उलगडला. म्हणाले, "आजोबा, पुष्कळ कॉम्प्युटरांत १ टीबीची डिस्क घातली की ९३१ च दिसते. बनवणारे हजाराने मोजतात आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसने मोजतो." त्यांना वाटले मला हे कळणार नाही. अहो, न कळायला काय झाले? १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा आमच्या वडिलांच्या पिढीने दुसरे काय केले? त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. त्यानंतर रुपयाचे शंभर नवे पैसे. बरीच वर्षे विकणारा एका हिशेबात बोले आणि घेणारा दुसऱ्या हिशेबात ऐके, आणि मधले दोन पैसे कुठे गेले ते कोणालाच सापडत नसे. दोन, चार, आठ, सोळा, चौसष्ट असे दुपटीने मोजणारा संगणक अजून आणे-पैच्या काळात आहे आणि डिस्क बनवणारा नव्या पैशात गेला आहे, एवढेच. हे मी सांगितल्यावर ते गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी चहा मागितला.

आता तुम्ही म्हणाल, ६६७ काय थोडे झाले? थोडे नाहीच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे बारसे केले. त्याची स्मृती २०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. म्हणजे आजच्या भाषेत १० केबी. तेवढ्यात शास्त्रज्ञांनी अणुविज्ञानाची गणिते सोडवली. १९८५ चा 'सुपर मारिओ' ४० केबीत मावला. तेवढ्यात तो राजकन्येला सोडवून आणी. हल्लीच्या काही खेळांना शंभर जीबीसुद्धा कमी पडतात. एका तसल्या खेळाच्या जागेत जवळजवळ चोवीस लाख मारिओ राहिले असते आणि त्यांनी चाळ कमिटीही स्थापन केली असती. एवढी जागा लागते कशाला म्हणून मी नातवाला विचारले. त्याने पडद्यावरची एक भिंत दाखवली. तिच्यावर ओल आलेली होती, पोपडे सुटले होते आणि वळचणीला शेवाळ धरले होते. "बघा आजोबा, किती खरं वाटतं!" आमच्या चाळीच्या पश्चिमेच्या भिंतीवर हे सगळे फुकट होते, हे मी बोललो नाही.

खेळाची तबकडी विकत आणली तर जागा वाचेल, असा सुनेचा समज होता. तोही लवकरच दूर झाला. तबकडी आणली तरी खेळ आधी सगळा आत उतरवून घ्यावा लागतो आणि खेळताना तबकडीही घातलेली लागते. म्हणजे पाहुणा आला तो आला, वर त्याची ट्रंकही कॉटखाली गेली.

पहिला उपाय सगळ्यांना सुचला तोच: एखादा खेळ काढून टाकावा. "काढला म्हणजे काय मेला थोडाच?" मुलगा म्हणाला. "तुझी प्रगती वेगळी साठवलेली असते. पाहिजे तेव्हा पुन्हा डाऊनलोड कर." हे खरे आहे. खेळ काढला तरी कुठवर खेळलो याची नोंद यंत्रात राहते. आमच्या शाळेत हीच सोय असती तर किती बरे झाले असते. पण 'काढून टाकणे' हे क्रियापद आमच्या घरात कधी धड चाललेले नाही. सौ.च्या मते वस्तू टाकली की आठव्या दिवशी तिची गरज लागते. नातवाने यादी उघडली. एकेका खेळावर कुलमुखत्यार नेमल्यासारखा एकेक जण उभा राहिला. क्रिकेटचा मुलाला हवा. मोटारींच्या शर्यतीचा सुनेला, कारण रविवारी ती त्याला त्यात हरवते. एक कोडी सोडवायचा माझ्यासाठी ठेवलेला. उरला एक सगळ्यांत जुना, सगळ्यांत अवजड, शंभराच्या वर जीबी खाणारा गोळीबाराचा खेळ. नातवाला तो फारसा येतही नाही. मुलगा म्हणाला, "हाच जाऊ दे."

"तो नाही," नातू म्हणाला. का, ते सांगेना. दहावीच्या वर्षातला मुलगा 'नाही' म्हणाला की मोठ्यांनी विषय बदलायचा असतो. आम्ही बदलला.

दुसरा उपाय मेहुण्यांनी सुचवला. त्यांच्या मते बाहेरून यूएसबीची डिस्क लावली की काम फत्ते. निम्मे खरे. बाहेरच्या डिस्कवरून जुन्या प्लेस्टेशन ४ चे खेळ चालतात; ५ चे नवे खेळ तिथे नुसते ठेवता येतात, खेळायचे झाले की पुन्हा आत आणावे लागतात. ही व्यवस्था कोकणातल्या माणसाला ताबडतोब ओळखू येईल. सावंतवाडीकडच्या घरी आपली मोठी पातेली आहेत, पाट आहेत, शिसवी पाळणा आहे. सगळे आपलेच आहे. फक्त मुंबईत बारसे निघाले की पाळणा आणायला माणूस पाठवावा लागतो.

तिसरा उपाय मात्र खुद्द यंत्राच्या पोटातच होता. बनवणाऱ्यांनी आत एक रिकामा कप्पा ठेवला आहे. तिथे साठवणीची पट्टी बसवायची, की जागा वाढली. थोडक्यात, पोटमाळा! हे ऐकल्यावर माझा त्या यंत्राविषयीचा आदर एकदम वाढला. गंमत अशी, की हा कप्पा पहिल्या दिवसापासून होता, पण बंद. सप्टेंबर २०२१ मध्ये यंत्राची प्रणाली सुधारली तेव्हा तो सगळ्यांसाठी उघडला. इमारत तयार, लोक राहायला आलेले, आणि वरच्या मजल्याची ओसी यायची बाकी. सुरुवातीला ४ टीबीपर्यंतचीच पट्टी चाले; सप्टेंबर २०२३ पासून ८ टीबीपर्यंत चालू लागली. एफएसआय दुप्पट! आमच्या परळच्या बिल्डरला ही बातमी कळली असती तर तो जपानला गेला असता.

पण पोटमाळ्यावर कोणीही चढून चालत नाही. या पट्टीच्या अटी वाचल्या तेव्हा मला आमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या वेळची वधूवरसूचक मंडळाची वही आठवली. पट्टी एम डॉट टू जातीचीच पाहिजे. पण एवढ्याने भागत नाही. त्या जातीत सेटा आणि एनव्हीएमई अशा दोन पोटजाती. रूपाने इतक्या सारख्या की फसगत व्हावी. त्यांतली सेटा चालत नाही. पुढे पिढी चौथी हवी, तिसरी नको. उंची? ३०, ४२, ६०, ८० किंवा ११० मिलिमीटर. बहुतेक पट्ट्या ८० च्या. त्यांवर २२८० असे लिहिलेले असते, म्हणजे रुंदी २२ आणि लांबी ८०. माझ्या तर्जनीएवढी लांब आणि अंगठ्याएवढी रुंद. वाचनाचा वेग सेकंदाला ५५०० एमबी किंवा त्याहून जास्त असावा, अशी वरपक्षाची अपेक्षा. आणि शेवटची, न टाळता येणारी अट: अंगावर हीटसिंक पाहिजे, पण सगळे मिळून जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत. अंगाने बारीक, दागिन्यांनी मढलेली आणि चालायला चपळ. वरपक्ष बदलला, अपेक्षा त्याच.

"हीटसिंक म्हणजे?" सौ.ने विचारले. "एवढ्याशा कप्प्यात सिंक कशाला बाई? भांडी घासायची आहेत?"

नातू हसला. पण विचार करा, तिचे फारसे चुकले नव्हते. ही पट्टी काम करू लागली की तापते. फार तापली की स्वतःला जपण्यासाठी हळू चालू लागते, मे महिन्यात दुपारी दोन वाजता दादरच्या पुलावर आपण चालतो तसे. त्या उष्णतेला वाट काढून देण्यासाठी वर धातूची खाचाखाचांची पट्टी बसवतात. ती उष्णता ओढून घेते आणि हवेत सोडते. म्हणजे पाण्याला जशी मोरी, तशी उष्णतेला ही. खोलीत मोरी नसेल तर काय होते, हे आम्हांला सांगायला नको. "मोरी पाहिजेच," सौ.ने निर्णय दिला आणि पट्टी घेताना हीटसिंक आधीच बसवलेली घ्यावी असे ठरले. वेगळी आणून चिकटवायचीही सोय असते. पण घरात मोरी मागाहून बांधायची म्हणजे काय यातायात असते ते आम्ही एकदा भोगले आहे.

खरेदीला मी आणि नातू लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचे खरे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ एवढी चारच वर्षे गव्हर्नर असलेला हा लॅमिंग्टन लोकांच्या जिभेवरून काही उतरत नाही. प्रभादेवीला गाडीत बसलो. लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल आणि चौथे ग्रँट रोड. उतरून पूर्वेला आले की आमच्या तरुणपणी माणूस दोनच कारणांसाठी त्या रस्त्याला लागे: सिनेमा पाहायला किंवा रेडिओचे व्हॉल्व्ह शोधायला. इथल्या मिनर्व्हात १९७५ साली 'शोले' लागला तो पाच वर्षे उतरला नाही. एवढ्या काळात मी नोकरीत कायम झालो, लग्न झाले आणि मुलगा झाला. 'शोले' होता तिथेच होता. हे मी नातवाला सांगितले. तो म्हणाला, "पाच वर्षं? त्यात सारखं नवीन काय अपडेट करायचे?"

लॅमिंग्टन रोडचे दुकान म्हणजे आमच्या खोलीचाच धाकटा भाऊ. सहा फूट रुंद, वर पोटमाळा, आणि पोटमाळ्यावरून खाली डबे फेकणारा एक पोरगा. मालकाने माझ्याकडे पाहिले, नातवाकडे पाहिले आणि प्रश्न नेमका योग्य माणसाला केला: "पी एस फाईव्ह?" नातवाने मान हलवली. "एक टीबी या दो?"

इथे खरा पेच होता. २०२५ च्या अखेरीपासून या वस्तूंचे भाव वर चढले आहेत. कारण विचारले तर मालक म्हणाला, "काका, सब माल एआयवाले उठा रहे हैं." आणि ते खरेच आहे. जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी प्रचंड डेटा सेंटर उभी राहत आहेत आणि मेमरीच्या चिप्स तिकडे ओढल्या जात आहेत. मोठ्या टॉवरसाठी वाळू-सिमेंट गेले की चाळीच्या दुरुस्तीला महाग पडते, तशातलाच प्रकार. एक घ्यावी की दोन? मी सौ.ला फोन लावला. तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "पोरांची वस्तू वाढत्या अंगाची घ्यावी." तिने आजवर नातवाचा एकही गणवेश मापाचा घेतलेला नाही. दोन टीबी घेतली. पक्के बिल घेतले, खोक्यावरचा नंबर पट्टीवरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि हमीपत्र पाकिटात ठेवले. मालक वैतागला नाही. त्या रस्त्यावर चाळिशी पुढे ओढून नंबर वाचणारे म्हातारे त्याला रोज भेटत असणार. घरी येईपर्यंत त्या तर्जनीएवढ्या पट्टीत जवळजवळ वीस कोटी टिफ्रॅक आहेत या विचाराने मी खिशावरचा हात काढला नाही.

बसवण्याचा मुहूर्त रविवारी दुपारी जेवणानंतरचा धरला. मंडळी: नातू यजमान, मुलगा पुरोहित, मी पंचांग, म्हणजे सूचना वाचायला. आधी यंत्राची प्रणाली ताजी करून घ्यायची. मग ते पुरते बंद करायचे. नुसते डुलकी घेत ठेवून भागत नाही. सगळ्या वायरी काढायच्या आणि थोडे थंड होऊ द्यायचे. हात लावण्यापूर्वी एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. मुंबईच्या जुलैमध्ये अंगावरचा सदरासुद्धा कोरडा नसतो, वीज कुठून टिकणार? तरी शास्त्र म्हणून सगळ्यांनी खिडकीच्या गजाला हात लावला. सौ.ने नमस्कारही केला.

खालची बैठक काढून यंत्र मऊ पंचावर आडवे केले. पांढरे पाख कोपऱ्याशी धरून जरा उचलायचे आणि बाजूला सरकवायचे, असे सूचनेत होते. मुलाने उचलले. 'कट्ट' असा आवाज झाला. सुनेने डोळे मिटले. मी वाचले, "आवाज होणे स्वाभाविक आहे." तसे काही तिथे लिहिलेले नव्हते, पण पुरोहिताचा धीर सुटू देणे बरे नव्हे.

आत पाहतो तर धूळ. पंख्याच्या पात्यांवर, कडांवर, खाचांत सगळीकडे मऊ, करडी, सिमेंटच्या रंगाची धूळ. परळला एवढे टॉवर उठताहेत आणि एवढ्या चाळी बसताहेत की खिडकी लावली तरी ती आत येते. आमची चाळ पाडली ती २०१९ साली, इथून हाकेच्या अंतरावर. सौ. जुना दाढीचा ब्रश घेऊन आली आणि हळूहळू झटकू लागली. कोणी काही बोलले नाही. ती धूळ आमचीच असेल, असे सगळ्यांच्या मनात एकदमच आले असावे.

कप्प्याचे झाकण एका स्क्रूचे. शिलाई मशीनच्या खणातला फुलीचा लहान स्क्रू ड्रायव्हर अगदी बरोबर बसला. आत आणखी एक स्क्रू आणि एक पिटुकली गोल नळी. ती पट्टीच्या लांबीप्रमाणे योग्य भोकात, आमच्या बाबतीत ८० च्या, नेऊन ठेवायची. पट्टी तिरकी धरून खाचेत सारायची, मग आडवी दाबायची आणि स्क्रूने बांधायची. काम दोन मिनिटांचे. पण ज्वारीच्या दाण्याएवढा तो स्क्रू पुरोहिताच्या हातून निसटला, फरशीवर टिणकन वाजला आणि कपाटाखाली नाहीसा झाला.

"कोणी हलू नका!" सून ओरडली. आम्ही होतो तिथे पुतळे झालो. पुढची वीस मिनिटे टॉर्च, झाडू, पट्टी आणि उदबत्ती यांनी शोध चालला. कपाटाखालून एक रुपयाचे नाणे, सौ.चा हरवलेला कानातल्याचा मळसूत्री फिरकीचा तुकडा आणि नातवाची सातवीची प्रगतिपुस्तिका निघाली, स्क्रू नाही. शेवटी सौ.नेच फ्रिजवरचा अष्टविनायकाचा लोहचुंबक उचलला, पायमोज्यात घालून कपाटाखालून फिरवला आणि बाहेर काढला तेव्हा बल्लाळेश्वराला स्क्रू चिकटलेला होता. हल्लीच्या यंत्रांना जुनी दैवते चालत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी आमच्याकडे यावे.

झाकण लावले, पाख सरकवले, वायरी जोडल्या. यंत्र सुरू होताच त्याने नव्या पट्टीला फॉरमॅट करायची परवानगी मागितली. फॉरमॅट म्हणजे खोली सारवून घेणे. नवी असली तरी राहायला जाण्याआधी सारवायचीच. मग त्याने वेग मोजून दाखवला. ५५०० च्या वर, सहा हजारांच्याही पुढे. मुलाने एवढ्या अभिमानाने आमच्याकडे पाहिले की जणू त्याचाच लागला निकाल. मग बिऱ्हाड हलवणे सुरू झाले. शंभर-शंभर जीबीचे खेळ काही मिनिटांत आतून पोटमाळ्यावर गेले. टेम्पो नाही, हमाल नाही, 'सांभाळून, काच आहे' नाही. आम्ही चाळ सोडली तेव्हा एका खोलीचे सामान हलवायला दोन दिवस लागले होते, आणि परत जायला किती वर्षे लागतील ते बिल्डर सांगत नाही. नियम ३३(७) प्रमाणे आम्हांला निदान ३०० चौरस फुटांचे घर मिळायचे आहे. सध्या त्याचा पार्किंगचा चौथा मजला झाला आहे. मोटारींना जागा मिळाली, ही सुरुवात वाईट नाही.

त्या रात्री नवा खेळ यंत्रात उतरला आणि जुन्या अवजड खेळाचे कोडेही तेव्हाच उलगडले. आमच्या मजल्यावर नातवाच्या वयाची चार मुले होती. चौघांचे बालपण एकाच गॅलरीत गेले. कोणाचा डबा कोणाकडे आणि कोण कोणाकडे झोपला, याचा पत्ता आयांना रात्री लागे. चाळ पडली आणि कोणी विरारला गेले, कोणी उलव्याला, कोणी बदलापूरला. शनिवारी रात्री ही चौघे खेळात भेटतात. नवा खेळ तिघांनी ठरवला होता आणि बाकीच्या दोघांनी जागा करून ठेवली होती. पण तो प्लेस्टेशन ५ वरच चालतो, आणि बदलापूरच्या मुलाकडे अजून जुने ४ आहे. जुना गोळीबाराचा खेळ मात्र दोन्ही यंत्रांवर चालतो आणि एकमेकांशी खेळताही येतो.

"तो काढला असता," नातू यंत्राकडे बघत म्हणाला, "तर तो कुठे आला असता?"

यावर मुलगा काही बोलला नाही. मीही नाही. पहिला तास जुना खेळ, चौघांचा; दुसरा तास नवा, तिघांचा, असे त्यांचे आपापसात ठरलेले होते. पाळ्या लावून एका जागेत राहण्याची विद्या कोणी न शिकवता पुढच्या पिढीत उतरली होती.

दहा वाजता आतल्या खोलीतून आरडाओरडा सुरू झाला. "अरे मागे बघ, मागे!" "तू आधी जा!" "आलो रे, थांब!" सौ. लाटणे घेऊनच दारात गेली आणि म्हणाली, "अरे, किती ओरडता! लोक झोपलेत."

क्षणभर शांतता झाली. मग टीव्हीतून बदलापूरचा आवाज आला, "आजी, जेवलात का?"

सौ.ने लाटणे पदराखाली घेतले. त्या पांढऱ्या यंत्राच्या उभ्या कॉलरीपाशी वाकली आणि बदलापूर लांब आहे म्हणून खूप मोठ्याने म्हणाली, "हो रे बाबा! तू जेवलास? आईचं गुडघ्याचं कसं आहे?"